हलका कॅमेरा, मोठ्या तोंडाचं भिंग

४ फेब्रुवारी

दादा,

मायना मुद्दाम गाळला आहे. 'तीर्थरूप' लिहायला हात धजत नाही आणि जे लिहावंसं वाटतं ते कागदावर बरं दिसणार नाही.

तुझं पत्र पोचलं. एकोणीस वर्षांनी भावाचं पाकीट येतं तेव्हा माणूस आधी खुर्ची ओढून बसतं आणि मग ते फोडतं. मीही बसले. म्हटलं, कुणी गेलं की काय! कुणी गेलेलं नव्हतं. तीन पानांतली अडीच पानं वजनाची निघाली. कॅमेऱ्याचं वजन, भिंगाचं वजन, ट्रायपॉडचं वजन, आणि त्या सगळ्याखाली वाकलेली तुझी पाठ. उरलेल्या अर्ध्या पानात 'तू कशी आहेस' असं विचारून उत्तराची वाट न बघता सही ठोकली आहेस.

"पठारावर चालत नेता येईल असा, चार बाय पाच इंचांच्या फिल्मचा हलक्यात हलका कॅमेरा कोणता, आणि त्यावर भिंग कोणतं, हे तुझ्याइतकं कुणाला कळत नाही," असं लिहिलं आहेस. खरं आहे. असे कॅमेरे दुरुस्त करणारं आसपास आता माझं एकच दुकान उरलंय. गिऱ्हाईक होऊन विचारलंस, तर दुकानदारीण होऊन सांगते.

ते दांडीवर सरकणारं धातूचं धूड काढून टाक. ते स्टुडिओत शोभतं. पाटीसारखा मिटणारा लाकडी घे, सव्वा ते दीड किलोत मिळेल. भिंग बसवलेली पुढची फळी थोडी झुकली की डोंगरांच्या फोटोंना पुरतं. मागची फळी हलली नाही तरी चालेल, तुला इमारतींचे कोपरे सरळ करायचे नाहीत. दोन फळ्यांमधला घड्यांचा भाता कापडी बघ, चामड्याचा नको. चामडं जड असतं आणि घड्यांवर चिरतं. ते भाते शिवून शिवून माझी बोटं सुजलीत, तेव्हा माझं ऐक.

भिंग लहान तोंडाचं घे. लिंबाएवढं असतं, मुठीत मावतं. लहान तोंडामुळे मागच्या दुधी काचेवर चित्र जरा अंधारं दिसेल, पण फोटो काढताना तू भिंगातलं भोक बारीकच करणार. मग मोठं तोंड डोंगरावर वाहून न्यायचं कशाला?

फिल्म भरायचे होल्डर सहा पुरेत. पूर्वी आपण बावीस न्यायचो. 'न्यायचो' हा शब्द उगाच आला. पाठ माझी असायची.

झालं. पुन्हा लिहायची गरज पडू नये.

धाकटी


२१ फेब्रुवारी

दादा,

पुन्हा लिहिलंस. काही सवयी मरेपर्यंत जात नाहीत.

कॅमेरा पटला, भिंग पटलं नाही म्हणे. "मला मोठ्या तोंडाचंच हवं. काच जितकी उजळ दिसेल तितकी बरी. वजन वाढलं तरी चालेल." अरे, मग आधीच्या अडीच पानांत तू काय रडत होतास? ट्रायपॉडचे स्क्रू पितळेचे की अॅल्युमिनियमचे यावर तू अर्धं पान खर्च केलंस. पाण्याची बाटली रिकामी न्यायची आणि वरच्या झऱ्यावर भरायची, असा हिशेब मांडलास. आणि आता वाटीएवढं भिंग पाठीवर टाकून निघणार! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं तुझं चाललंय.

वर विचारतोस, "काच उजळ करणारी ती पातळ पट्टी बसवून मिळेल का? आणि फोकस बघायचं भिंग दहा पटींचं असतं का?" दहा पटींचं! चौदा वर्षं चार पटींच्या भिंगावर काम झालं. अर्थात ते तुझ्या हातात कधी नव्हतं, म्हणून तुला आठवणार नाही.

मला आठवतं. तू तासभर हिंडायचास. एक दगड, दुसरा दगड, परत पहिला. मी ओझं घेऊन मागे. मग एकदम थांबायचास आणि म्हणायचास, "इथे." तिथे मी तिपाई रोवायची. तू काळ्या कापडाखाली शिरून काचेवरचं उलटं चित्र बघायचास, "जरा डावीकडे, जरा खाली" करून चौकट ठरवायचास आणि बाहेर यायचास. मग मी आत. फळी झुकवून, भिंग मागेपुढे करून, पायाजवळचं गवत आणि पलीकडचा कडा एकाच वेळी स्पष्ट होईपर्यंत मी आतच. तू बाहेर ढगांशी बोलत उभा. तुला फोकस जमत नव्हता. शिकवायला गेले तर म्हणालास, "ते तुझं खातं." मला त्याचा अभिमान वाटायचा, इतकी मी खुळी.

आणि मग पुस्तक आलं. छापखान्यातून आलेला पहिला गठ्ठा मीच सुरीने कापला होता. एकशे बारा फोटो आणि तुझी प्रस्तावना. "गेली चौदा वर्षं मी एकट्याने ही पठारं पालथी घातली." एकट्याने. मी उभ्या उभ्या तीनदा वाचलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर घराची किल्ली ठेवली आणि निघाले. तू विचारलंस, "कुठे चाललीस?" पुढे आईला स्मशानात पोचवून आलो त्या दिवशी भेटलो, तेव्हा तू 'चहा घेतलास का' एवढंच बोललास. आणि वहिनी, ज्यांना तो शब्द छापण्याआधी दिसला असणारच, त्यांनी मला कपभर चहा आणून दिला. फिका होता.

तुझी नंतरची पुस्तकं मी बघितलेली नाहीत. लोक म्हणतात, तुझ्या फोटोंत आता 'स्वप्नासारखं धुकं' असतं. चौथ्या पुस्तकात पान एकेचाळीसवर तळं आहे, त्यात तर दगडही वितळलेत. मी हसून हसून दुकान बंद केलं. दादा, ते धुकं नाही. मी गेल्यावर तुझ्या कॅमेऱ्यात कुणी फोकसच केला नाही, आणि लोकांनी त्याला शैली म्हणून डोक्यावर घेतलं. नशीब काढलंस!

पण आता मला एक सांग. हलकं हवं असणारा माणूस मोठ्या तोंडाचं भिंग का मागतो? मी हे काम रोज करते. जड भिंगाचा हट्ट धरणारा माणूस एक तर हौशी असतो किंवा त्याला काचेवर दिसत नसतं. तू हौशी नाहीस. अक्षरही कसं काढलं आहेस! ओळी डोंगर चढायला लागल्यात. काय लपवतोयस?

धाकटी


१३ मार्च

दादा,

बरं झालं एकदाचं ओकलास.

उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला, आणि डाव्यात आता खिडकीचा गज मध्येच वाकलेला दिसतो. समोर बघितलं की मधोमध राखाडी ठिपका, आणि कडेकडेचं सगळं नीट. वहिनी समोर बसल्या की त्यांचे कान दिसतात, चेहरा नाही. डॉक्टर म्हणतात, वर्ष संपेपर्यंत अक्षरही वाचता येणार नाही. हे तू अडीच पानं वजनं लिहून माझ्यापासून दडवलंस! तुला वाटलं, बहिणीला पाठदुखी सांगावी, ती स्वस्त पडते.

मला वाईट वाटलं. ते वाटलं म्हणून रागही आला, कारण तुझ्यासाठी वाईट वाटून घ्यायचं नाही असं मी ठरवून बसले होते आणि एकोणीस वर्षं ते बऱ्यापैकी जमलं होतं.

पुढचं तुझं वाक्य मी पुष्कळदा वाचलं. "तू गेल्यावर धुकं कधीच नव्हतं, हे तुला आणि मला दोघांनाच माहीत आहे. मला एक फोटो हवा आहे. एकच. पावसाळ्याआधी, पठाराच्या त्या टोकावरून, पायापासून क्षितिजापर्यंत स्पष्ट. डोळा आहे तोवर. नंतर मी कॅमेरा उचलणार नाही." हे तू आधी लिहिलं असतंस तर भिंगाचा घोळ झाला नसता.

आणि शेवटी, कोपऱ्यात, शाई संपत आल्यासारखं बारीक: "तू येशील का?"

नाही.

मी येणार नाही. माझ्या गुडघ्यात पाणी होतं, दुकानात सात कॅमेरे उघडे पडलेत, आणि तुझ्या कापडाखाली आता मी शिरणार नाही. एकट्याने पालथी घातलीस ना पठारं? मग अजून एकदा घाल. ज्याने शब्द छापला त्याने तो निस्तरावा.

तुला मोठ्या तोंडाचं भिंगही घेऊ देणार नाही. त्याने काही होणार नाही. मधला ठिपका काचेच्या मधोमध बसेल, मग काच कितीही उजळ असो. दहा पटींचं भिंग लावलंस तर ठिपकाच बघत बसशील. काही विकत घेऊ नकोस. थांब.

धाकटी


९ एप्रिल

दादा,

सोबत पेटी आहे. फोडताना सुरी आत घालू नकोस.

तुझं पत्र चार आठवड्यांत नाही. मला काही फरक पडत नाही. टपाल दोनला येतं आणि पावणेदोनला मी खिडकीशी असते ती उजेडासाठी. वाटलं होतं, 'नाही' वाचून तू पुन्हा एकदा विचारशील. माणसं विचारतात. भाजीवालासुद्धा दोनदा विचारतो. पण तू आपला 'नाही म्हणाली, संपलं' म्हणून गप्प. लहानपणापासून तुझं असंच.

असो. पेटीत काय आहे ते सांगते. वहिनींना मोठ्याने वाचायला सांग.

हा कॅमेरा कुठल्याही कंपनीचा नाही. मी बनवला. पातळ प्लायवूडची खोकी, कडांना अॅल्युमिनियम, मागे होल्डर सरकवायची खाच. भाता नाही. दुधी काच नाही. फळी झुकत नाही, काहीच हलत नाही. जे हलत नाही त्याला स्क्रू लागत नाहीत, आणि जिथे स्क्रू नाहीत तिथे वजन नाही. भिंगासकट एक किलोला पंचवीस ग्रॅम कमी. तुला वजनाची एवढी हौस, म्हणून मुद्दाम स्वयंपाकघराच्या काट्यावर तोललं.

भिंग रुंद कोनाचं आहे, लहान तोंडाचं, मी म्हणाले होते तसलं. भोक बारीक करून तिथेच स्क्रूने आवळलंय. फोकसही एकाच जागी बसवून लाखेने बंद केलाय. कॅमेऱ्यापासून तीन पावलांच्या पलीकडे जे जे आहे, ते सगळं स्पष्ट येईल. गवत, दगड, कडा, क्षितिज. तुला काही करायचं नाही. तुला जे कधीच जमलं नाही ते आता करायचंच नाही.

चौकट बघायला वर तारेचा आयत आहे. मागच्या छोट्या कडीशी डोळा टेकव आणि तारेतून बघ. चौकटीला कडाच लागतात, आणि कडा तुला दिसतात. मधलं दिसत नाही तर नसो, तू मधल्याकडे कधी बघायचास? शटरच्या चाकावर खाचा केल्यात. नखाने मोज. लख्ख उजेडाला पहिली खाच, ढगाला तिसरी. बाजूला ओळंबा लोंबतोय, तो लाकडाला नुसता टेकला की कॅमेरा सरळ. बोटाने चाचप. अंधारात होल्डर भरणं तर आपण दोघंही डोळे मिटूनच करायचो, ते हात विसरले नसतील.

हे बनवायला मला पंधरा दिवस लागले. फोकस पक्का करायला रोज सकाळी खिडकीतून दूरच्या पाण्याच्या टाकीवर धरत होते. टाकीच्या शिडीच्या पायऱ्या मोजता येतील इतका आणला आणि मग लाख ओतली. शेजारचा घड्याळजी विचारायला लागला, "एवढं कुणासाठी चाललंय, बाई?" मी म्हटलं, "एका वैऱ्यासाठी." तो म्हणाला, "मग वैरी नशीबवान आहे." त्याला आता मी घड्याळ दाखवत नाही.

तर आता तुला कुणी लागणार नाही. तू जे प्रस्तावनेत लिहिलंस ते खरं करायची सोय मी स्वतःच्या हाताने करून दिली आहे. जा, एकट्याने काढ.

धाकटी


२ मे

दादा,

वस्तू पोचली की पोच द्यायची पद्धत असते. गिऱ्हाईकंही देतात.

ओळंबा तुटला असेल तर शिवायचा दोरा चालेल. मेण लाव. आणि टोकावर वारा असतो, तिपाईच्या मधल्या हुकाला दगडांची पिशवी टांग. हे तुला माहीत नसणार, कारण दगड मी गोळा करायचे.

उत्तर देऊ नकोस, मी वाट बघत नाही.

धाकटी


१४ जून

वहिनी,

आता त्याला वाचता येत नाही आणि पत्र तुमच्या अक्षरात आलंय, म्हणजे हेही तुम्हीच वाचणार. माझी आधीची पत्रंही तुम्हीच वाचून दाखवली असणार. चहाबद्दल लिहिलेलं मागे घेत नाही, फिका होता. पण इतक्या वर्षांनी त्यावर एवढं लिहायची गरज नव्हती. हे पत्र मोठ्याने वाचा, आणि त्याला लागेल म्हणून मधलं काही गाळू नका. त्याला लागावं म्हणूनच लिहिलंय.

दादा,

निगेटिव्ह पोचली. तीन पुठ्ठ्यांत बांधून पाठवलीस, बरं केलंस. तू काय विचारलं आहेस ते मी परत लिहिते, म्हणजे कुणाचा घोटाळा नको.

"स्पष्ट आहे का, एवढंच सांग. मला दिसत नाही. हिला विचारलं तर ही म्हणते, सुंदर आहे. प्रिंट करणाऱ्याला विचारलं तर म्हणतो, तुमची नेहमीची जादू आहे. ते ऐकून मला घाम फुटला. सगळे माझ्याशी गोड बोलतात. तू एकटीच अशी आहेस की तुला माझं बरं बोलायचं नाही. तू सांगशील ते खरं असेल."

इथे तू चुकलास. चिडलेल्या माणसाइतकं छान खोटं कुणाला बोलता येत नाही. निगेटिव्ह मंगळवारी आली. आज शनिवार. मधे चार दिवस काय झालं ते ऐक.

मंगळवारी मी ती उजेडाच्या टेबलावर ठेवली, भिंग लावलं आणि पाच मिनिटांत मला कळायचं ते कळलं. बुधवारी मी तुला पत्र लिहिलं. एकच ओळ होती: 'धुकं आहे.' पाकिटात घातलं, तिकीट लावलं आणि दुकानाच्या दारापर्यंत गेले. तुला कधीच कळलं नसतं. डॉक्टर, वहिनी, प्रिंटवाला, कुणीही कितीही सांगितलं असतं, तरी तू माझंच खरं मानलं असतंस. उरलेलं आयुष्य तू अंधारात बसून 'शेवटचाही गेला' म्हणत राहिला असतास. एकोणीस वर्षांचं सगळं एका ओळीत फिटत होतं. दादा, मला ते करायचं होतं. मी उगाच म्हणत नाही. दारात उभी राहून मी हिशेब केला की पोस्टाची पेटी उघडायला अजून चाळीस मिनिटं आहेत.

का परतले ते मला सांगता येत नाही. चांगुलपणा नव्हता. भिंग टेबलावर उघडं राहिलं होतं, त्यावर धूळ बसेल म्हणून आत आले, आणि आले म्हणून पुन्हा एकदा निगेटिव्हमध्ये बघितलं. मग दिवसभर बघतच बसले. गुरुवारी पत्र फाडलं. शुक्रवारी लाज वाटली, आणि लाज वाटली की मला काही लिहिता येत नाही.

दुसरी गोष्ट. पाकिटावर वहिनींच्या अक्षरात तू दोन नावं लिहवून घेतलीस, तुझं आणि माझं. वा! एकशे बारा फोटोंत मी कापडाखाली वाकलेली होते, तिथे माझं नाव नाही. हा एक फोटो मी नसताना निघाला, तर इथे नाव. वर म्हणतोस, "फोकस तुझाच आहे, तू तो आधी करून पाठवलास." ते मला माहीत आहे, मीच लाख ओतली. पण असं फुकटात सुटता येणार नाही. मी माझ्या नावावर रेघ मारली आहे. आधी त्या पहिल्या पुस्तकाची प्रस्तावना बदल. छापणारा जिवंत आहे, मी चौकशी केली. तू सांग, वहिनी लिहून घेतील. 'एकट्याने' हा शब्द काढ आणि त्या जागी काय लिहायचं ते तूच ठरव, मी मदत करणार नाही. ते छापून आलं की मग या फोटोखाली माझं नाव घाल. तोवर नको.

आणि मीही एक सांगून टाकते. तुझी सगळी पुस्तकं माझ्याकडे आहेत. पाचही. ती वितळलेली पानं मी भिंगाखाली बघत बसायचे, कुठे फळी झुकवायला हवी होती, किती, ते मनाशी ठरवत. तळ्याचा तो फोटो तीन अंशांनी सुटलाय. फक्त तीन. जागा तू अचूक पकडली होतीस. तशी जागा मला आयुष्यात सापडली नाही, आणि मी शोधली नाही असं समजू नकोस. दुकानाला सुट्टी घालून कितीदा गेले. माझे फोटो सगळे लख्ख आहेत आणि एकाकडेही दुसऱ्यांदा बघावंसं वाटत नाही.

आता तुझं उत्तर. चार बाय पाच म्हणजे वीस चौरस इंच. मी पट्टीने आखून एक-एक इंच बघितला आहे.

वरच्या पाचांत आकाश आहे. ढगाची खालची कड धारदार आहे, सुरीने कापल्यासारखी. त्याखाली क्षितिज, आणि त्यावर उजवीकडे तीन झाडं. मधल्याची एक फांदी मोडून लोंबतेय. ती तुला तेव्हाही दिसली नसेल. कड्याच्या भेगा मोजल्या, एकोणतीस. एका भेगेत पक्ष्याचं घरटं आहे, काटक्या दिसतात. पठारावर गवत वाऱ्याने एका बाजूला झुकलंय, आणि तरी पाती वेगळी आहेत, म्हणजे तू वारा पडायची वाट बघितलीस आणि दुसरी खाच धरलीस. बरोबर धरलीस. मधोमध, जिथे तुला ठिपका दिसत असेल, तिथे एक सपाट दगड आहे, त्यावर पिवळट शेवाळ असावं आणि त्याच्या कडेला मुंग्यांची रांग. मुंग्या, दादा. मी वेगळ्या मोजल्या.

एकोणीस इंच स्पष्ट आहेत. एकही शब्द वाढवून लिहिलेला नाही.

विसावा नाही. खालच्या डाव्या कोपऱ्यात एक पांढरी तिरपी रेघ आली आहे, पार विरघळलेली. आधी मला वाटलं, फिल्मवर ओरखडा आहे. मग कळलं. तुझी काठी. चौकट ठरवायला दोन्ही हात लागले म्हणून तू ती पुढे, तीन पावलांच्या आतच, खडकाला टेकवून ठेवलीस, आणि ती आहे तिथेच विसरलास. वहिनींनी लिहिलंय की त्या खालच्या रस्त्यावर गाडीशी थांबल्या होत्या. म्हणजे वरची चढण तू काठीवर गेलास, आणि फोटो काढल्यावर ती शोधायला जमिनीवर चाचपडला असशील. मी हे लिहिताना मला फार राग येतोय आणि तो कुणावर आहे ते नीट कळत नाही.

तुला एकच फोटो हवा होता, तो तुला मिळाला. पण माझ्या हिशेबी एक इंच खराब आहे, आणि माझ्या दुकानातून खराब काम जात नाही. पावसाळा संपला की गवत पुन्हा उभं राहील. तुझा डोळा तोवर उरला नसला तरी चालेल, 'इथे' म्हणायला डोळा लागतो असं मला आता वाटत नाही. मी येईन. वहिनी, मला खालच्या खोलीत झोपायला द्या, जिने चढवत नाहीत.

आणि दादा, या वेळी काठी माझ्या हातात दे.

धाकटी